नकली मनकर्णाबाई

उकंडरावांच्या दंतमंजनाच्या लेबलावर त्यांच्या वारलेल्या बायकोचं नाव नि चित्र असे. गावातल्याच एकानं तेच नाव नि दुसरं एक बाईचं चित्र लावून आपलं मंजन खपवलं. बुलढाण्याच्या कोर्टात उकंडराव जिंकले नि नकली लेबलं फिर्यादीसमोर जाळायचा हुकूम झाला. शिपायानं गठ्ठा पेटवला.

"एक मले ठेवू द्या, दादा," उकंडराव म्हणाले.

"हुकूम सारेच जाळाचा हाय. अन् जितल्यावर खोटं लेबल काऊन पाह्यजे, शेटजी?"

"घरात तिचा फोटो नाही. आमच्या लेबलावरचं चित्र मुंबईच्या छापखान्यानं मनानंच काढलं. हे काढणाऱ्या गावच्या पेंटरनं तिले पाह्यलं होतं." उकंडराव जाळाकडे पाहत राहिले. "अन् म्या शपथेवर सांगितलं, हे तोंड तिचं नाही म्हणून."