एकाच तोंडची ओवी

“एकीच्याच तोंडून शिकलेल्या दोघी एका जात्यावर नकोत गं. चुकल्या तर एकाच जागी चुकतील, आन् कुणाला कळायचं बी न्हाय.”

लग्नाच्या हळदीचं जातं मांडताना दिशाची गोजरआत्या म्हणायची. मग एक बाई कळसची बसवायची, समोर नरसिंहपूरची. खुंटा एक, ओवी एक, माहेरं दोन. एकीनं ओळ सोडली की दुसरीनं उचलायची. अडलं तर आत्या जातं थांबवायची.

तो आवाज सकाळपासून दिशाच्या कानात होता. ती मात्र उभी होती बारामती एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये, फळ्यासमोर. साल अठ्ठ्याण्णव.

फळ्यावर पुढच्या महिन्यातल्या चाचणीचा बेत होता. दूरच्या अंतराळयानाशी बोलायच्या नियमांचं पुस्तक एक. त्यावरून प्रोग्राम दोन. एक इथं दिशानं लिहिलेला, एक पुण्यात संदेशनं, एकमेकांचं न बघता. आता दोन्ही प्रोग्राम एकमेकांशी बोलणार. जुळले, तर पुस्तक पक्कं, आणि या शेडचं नाव पहिल्यांदाच अहवालात.

संदेश नुकताच मोटारसायकलवरून पोचला होता. भुवयांवर धूळ.

“पुण्याचा निरोप उशिरा आला,” चाचणीचे प्रमुख बुद्धघोषसर त्याच्या नावावरून चेष्टेनं म्हणाले.

“अर्धा वाटेत पाटसला हरवला होता, सर. परत मागवला,” संदेशनंही चेष्टा पुढं नेली.

सर हसले. सर इंदापूरचे, हसले की बोली गावाकडं वळायची. “व्हय, तेच तर बघायचंय. दिशा, लिही. एक, फाइल सरळ पाठवणं. दोन, मधेच बोलणं तुटलं तर तिथनंच पुढं. तीन, हरवलेला तुकडा परत मागणं.”

“तिसरं गाळू या का?” संदेश म्हणाला. “मागच्या आठवड्यात फोनच्या तारेवर दोन्ही मशीनं सहज जोडून बघितली. बाकी दहा ठिकाणी जुळलं नाही, भांडलो आम्ही. सगळ्यात अवघड तेवढंच, आणि ते पहिल्या फटक्यात जुळलं.”

“भांडलात ते बरं झालं,” सर म्हणाले. “पुस्तकातल्या चार ओळी तरी त्यातनं सुधारतील. भांडायलाच बसवलंय तुमाला. यान एकदा गेल्यावर मागनं कोण जाणार हाय सांगायला?” ते फळ्याकडं वळले. “तू सांग, दिशा. तिसरं झालं समजायचं?”

दिशानं तिसऱ्या ओळीपुढं बरोबरची खूण केली. खडू मात्र खाली ठेवला नाही.

बाहेर दुधाचा टँकर वळला. त्याची घरघर विरेपर्यंत ती त्या खुणेकडं बघत राहिली. जातं थांबल्यावर कडेनं शेवटची हळद झरत राहते, तेवढाच वेळ.

तिनं तळहातानं खूण पुसली. हात पांढरा झाला.

“ते जुळणारच, सर. जूनमध्ये पुण्याला गेले होते, तेव्हा संदेशच्या टेबलावरचा कागद मी वाचला. अडले होते. तो भाग माझा न्हाय, त्याचाच हाय.” तिनं संदेशकडं पाहिलं. “मला पुस्तक उघडून तेवढं पहिल्यापासून लिहू द्या. मग भांडू आमी.”