ओटीचे तांदूळ

"पुनम, आज तुले घेतल्याशिवाय मी जाऊन नाई राह्यलो," मिथुननं ओसरीवर बसत बहिणीला बजावलं. "अहेरीचा माणूस तरी किती दिवस थांबन?"

स्थळ खरोखर चांगलं होतं. लाकूड डेपोत नोकरी, पहिली बायको वारलेली, दारू नाही की तंबाखूचा खर्रा नाही. पुनमचा नवरा प्रफुल पुण्याला गेला त्याला तीन वर्षं झाली होती. आधी फोन कमी झाले, मग नंबरच बदलला. समाजाची माणसंही म्हणाली होती, पोरीनं पाट लावावा, कोणी बोट दाखवणार नाही.

"ते मले विसरले नाई, दादा."

"कशावरून?"

पुनमनं लाल कव्हरातलं यंत्र पुढं केलं. पुस्तकं वाचायचं ते यंत्र, पडदा रंगीत, बोट लावलं की पान उलटतं. प्रफुलनं जाताना अशी दोन घेतली होती, लाल तिला, निळं स्वतःला. दोघांचं खातं एकच. त्यानं तिकडं ओळ रंगवली की इकडं तिच्या पडद्यावर उमटायची. मधली दोन वर्षं काहीच उमटलं नाही. मात्र गेल्या दिवाळीला ती माहेरून परतली आणि गुलाबी ओळी पुन्हा यायला लागल्या. एकाच कादंबरीत, रोज एक पान पुढं, पानाच्या मधोमध. प्रफुल मुळातच सावकाश माणूस.

मिथुननं पानं चाळली. "ही अर्धीच ओळ. अन् इथी तं नुसतं 'प्रकरण सातवे' रंगवलं हाय. याचा काय अर्थ?"

"आमचं लग्न सात तारखेचं हाय ना."

मिथुननं कपाळाला हात लावला. "अवं, शेजारची केसरबाई म्हणते, दिवाळीत तू आपल्या घरी होती तवा प्रफुल इथी येऊन गेला. तुले भेटायले थांबला काय?"

"केसरबाईले दिसते कुठी? दोन्ही डोयात मोतीबिंदू हाय तिच्या," आतून सासूचा आवाज आला. गुणाबाई मासळीला हळद लावत बसली होती. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण यंत्राचं तिला भारी कौतुक. ओळ कशी रंगवायची तेसुद्धा तिनं हौसेनं पुनमकडून शिकून घेतलं होतं. मग म्हणाली, माह्या रापल्या बोटाले ही काच ओळखतच नाई, आणि नाद सोडला. रोज संध्याकाळी एवढंच म्हणे, "फोनचं नेट लाव वं, माह्या लेकाचं काही आलं काय पाहू."

मिथुन आवाज खाली आणून म्हणाला, "म्हातारीच्या मागं तू कोण? ना लेकरू, ना माणूस."

हे मात्र पुनमला लागलं. अहेरीच्या माणसाचा फोटो तिनं गुपचूप दोनदा पाहिला होता. त्याच्या चुलीवर आपण चहा ठेवतोय असंही मनात येऊन गेलं होतं. तेव्हा लाज वाटली, आज नाही वाटली. ती उठली आणि पिशवीत लुगडी भरू लागली.

गुणाबाई दाराशी येऊन उभी राहिली. "जाय बाई. मी कोण अडवणारी? पण सुनेले रिकाम्या ओटीनं कशी धाडू?"

ती तशीच आतल्या खोलीत गेली. तांदळाच्या ढोलीत घरातल्या मोठ्या बाईनंच हात घालायचा, नाहीतर बरकत जाते, हा तिचा नेम. अलीकडे तर ती झाकणालाही कोणाला हात लावू देत नसे. बऱ्याच वेळानं ती ओंजळ भरून आली आणि पुनमच्या पदरात तांदूळ घातले. म्हातारीचे डोळे भरले होते.

"जाता जाता एकदा पाहून तं घे. नेट लाव."

पुनमनं लावलं. नवं पान आलं, त्यावर ताजी गुलाबी ओळ: 'पाऊस ओसरेपर्यंत ती उंबऱ्याशीच उभी राहिली.'

तिनं ती पुन्हा पुन्हा वाचली. मग भरली पिशवी खाली ठेवली.

"दादा, तू जाय. ते मले थांब म्हणून राह्यले."

मिथुननं तिथंच अहेरीला फोन लावून नकार कळवला. "ते आता वडशाची पोरगी पक्की करतेत. अन् मी बी पुन्हा येत नाई," एवढंच बोलला आणि पाणीही न पिता निघून गेला.

गुणाबाई गुळाचा खडा घेऊन केसरबाईकडे गेली. सून राहिली, हे गावाला कळायला नको?

पुनम एकटीच हसली. किती दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. जायचंच नाही तर ओटी कसली? पदरातले तांदूळ परत टाकायला तिनं ढोलीचं झाकण काढलं. एवढ्यानं बरकत जायची नाही. तांदूळ ओतून तिनं हातानं सारखे केले, तर बोटांना काहीतरी टणक लागलं.

निळं कव्हर होतं. तिनं उघडलं. पडदा उजळला. तेच पान, तीच गुलाबी ओळ, आणि काचेवर हळदीच्या अंगठ्याचा ओला ठसा.