सहीतला आवाज

पुराव्याच्या नव्या कायद्याप्रमाणे कोर्टाच्या कारकुनाने चित्रावरच्या सहीला श्रवणयंत्र लावलं. ओला रंग वाळताना आजूबाजूचं बोलणं धरून ठेवतो, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. चित्रविक्रेते रांगणेकर मात्र घामाघूम झाले. दिवंगत चित्रकार बोरवणकरांची मुलगी वैजयंती हिने त्यांच्यावर हे चित्र ढापल्याचा दावा ठोकला होता. लहानपणापासून 'काका' म्हणणारी पोर आता त्यांना 'प्रतिवादी' म्हणत होती. आणि कागद तर एकही नव्हता. चाळीस वर्षं दोघा मित्रांचा सगळा व्यवहार तोंडी. पावती मागितली असती तर बोरवणकरांनी ब्रश फेकून मारला असता.

यंत्र खरखरलं.

"रांगण्या, चोरा, लुच्च्या! तुला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. पण आजारपणात सहा महिने डबा आणलास. घे, हे तुझं. आणि उद्या वांग्यात मीठ घाल, मेल्या!"

न्यायाधीशांनी टिपणात 'मीठ' लिहून खोडलं आणि दावा फेटाळला.

रांगणेकर डोळे पुसत उठले. "उपकार झाले, साहेब. एकदा पुन्हा लावाल?"

"कुठून?"

"चोरापासून."

वैजयंती त्यांच्या बाकापाशी आली.

"काका, सरका जरा. मलाही ऐकायचंय."