चितळाचा एक कान

"हे तं बकरी दिसून राहिली ना जी!" वनरक्षक सोमाजीभाऊ हसले.

वनसंग्रहालयात वृंदाने मेलेल्या चितळात पहिल्यांदाच पेंढा भरला होता. साहेबांना पसंत पडलं नाही, तर ते अडगळीत जाणार होतं.

"मग चुकलं काय, भाऊ?" तिने विचारलं.

"दोन्ही कान पाडले तुम्ही. चितळाचा एक कान सदा मागं राहते. वाघ का समोरून येते?"

वृंदाने ओल्या फडक्याने कान मऊ केले. एक पुढे उभारला, दुसरा मागे वळवला आणि टाचण्या लावून वाळवले.

चार दिवसांनी साहेब फोनवर मोठ्याने बोलत आले. चितळ दिसताच दारात थबकले आणि कुजबुजू लागले.

"पळत नाही जी साहेब!" सोमाजीभाऊ छाती फुगवून म्हणाले. "पेंढा हाय त्यात. आमच्या बाईनं भरला!"