मंदीचं सोनं

"हीपण धुवून टाका, मास्तर," मालक म्हणाला. "क्लबवाल्यांनी विचार बदलला."

मास्तरांनी छपाईची स्क्रीन, चौकटीत ताणलेली जाळी, उजेडात धरली. जाळीवर सकाळीच उठवलेला मासा होता, खवल्यांसकट. "फार चंचल लोक आहेत हो हे," एवढंच म्हणून त्यांनी ती टाकीत ठेवली. थोड्या वेळानं मासा पाण्याबरोबर निघून गेला.

मंदीचा तिसरा महिना होता. मंदीच्या दिवसांचं सोनं करावं, असं मालकानं कुठंतरी वाचलं होतं. पहिल्याच महिन्यात त्यानं इतकं सोनं केलं की करायला काही उरलं नाही. जुन्या स्क्रीन धुऊन झाल्या. सैल जाळ्या ताणून झाल्या. शाईचे डबे फिक्याकडून गडदकडे रांगेत लागले. नमुन्यांची देखणी वही तयार झाली. ती बघायला कोणी आलं नाही, हा भाग वेगळा.

उरले मास्तर. वडिलांच्या वेळेपासूनचा माणूस. जाळीवरून शाई एका दमात कशी ओढायची, हे मालकाला त्यांनीच हात धरून शिकवलेलं. अशा माणसाला 'उद्यापासून येऊ नका' कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा गिऱ्हाईक जन्माला घालणं सोपं होतं. मालकानं तीन घातली: एक पोहण्याचा क्लब, एक निवृत्त शिक्षकांचं मंडळ आणि एक व्यायामशाळा. त्यांची चित्रं तो घरी बसून काढी.

"वीस वर्षांत माझं एक चित्र काढलं नाहीत," बायको म्हणाली, "आणि जे मंडळच नाही त्याचं बोधचिन्ह रंगवताय!"

मास्तर सकाळी जाळीला लेप देत, वर फिल्म ठेवून दिव्याखाली धरत, चित्र उठलं की दोन नमुने छापत. दुपारी गिऱ्हाईक नकार कळवी. मास्तर स्क्रीन धुऊन सुकायला ठेवत. उद्याची सोय झाली.

खोट्या कामातही मास्तर जीव ओतत. माशाला खवले हवेत, हे त्यांनीच सुचवलं होतं. शिक्षकमंडळींचे डोळे अधू असतील म्हणून त्यांची अक्षरं मोठी केली. व्यायामशाळेच्या पहिलवानाचे दंड त्यांना किरकोळ वाटले, तेही सुधारून घेतले.

आज मात्र लेपाचा डबा संपला. तळ खरवडून झाला. नसलेल्या लोकांसाठी नवा डबा आणावा इतकं आता गल्ल्यात नव्हतं, आणि असलेल्या लोकांपैकी कोणी फिरकत नव्हतं. मालकानं मास्तरांना टाकीजवळून बोलावून स्टुलावर बसवलं.

"मास्तर, एक तारखेपासून दुकान बंद करतोय. तुम्ही दुसरीकडे कुठं बघा."

"बंद? अहो, रोज एक नवं काम येतंय की!"

"एकही आलेलं नाही. तीन महिन्यांत एक नाही. ती सगळी गिऱ्हाइकं मीच रचली. तुम्हाला रिकामं बसवायला... जा म्हणायला जीभ रेटेना."

मास्तरांनी ओले हात समोर धरले. पाण्यानं बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या, त्याच बघत राहिले.

"पोहण्याचा क्लबपण?"

"क्लबपण."

मास्तरांनी सावकाश हात पुसले. आधी डावा, मग उजवा. आवाजात राग नव्हता. राग असता तर मालकाला बरं वाटलं असतं.

"मोठ्या कारखान्यातून मला तीनदा बोलावणं आलं, मालक. बायको म्हणाली, या वयात पुन्हा कोण विचारणार, जा. मी म्हटलं, ऐन गर्दीत मालकांना सोडून कसा जाऊ? काल त्यांनी दुसरा माणूस घेतला."