मालिकेचा दुसरा शेवट

मालिकेच्या शेवटच्या भागात नायिका मारकुट्या नवऱ्याकडे परत गेली आणि अख्ख्या निर्मळ गावाने डोळे पुसले. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेल्या प्रिसिलाने मात्र टीव्ही बंद केला आणि त्याच गोष्टीचा आपला शेवट लिहून काढला. तिच्या आईने, मार्गारेटने, त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात उभं राहून बायकांना वाटल्या.

"माझ्या पोरीने लिहिलंय. टीव्हीवरच्यापेक्षा भारी आहे, वाचाच."

"पण मालिकेत तर ती परत गेली ना?" एकीने शेवटचं पान बघून नाक मुरडलं.

"गेली. मालिकेत तिला आई नव्हती."

त्याच दुपारी जावई सेबेस्टियन रिक्षा थांबवून दारात उभा राहिला.

"झालं ते झालं. प्रिसिला, बॅग भर."

प्रिसिला जागची हलली नाही. मार्गारेटने उरलेली एक झेरॉक्स त्याच्या हातात ठेवली.

"हे काय?"

"गोष्ट आहे. जाताना रिक्षात वाच. सगळी नको असेल, तर शेवटचं पान वाचलंस तरी चालेल."