पाचवा बुधवार

"कुठे?" उपेंद्रगुरुजींनी पंचांगातून मान वर न करता विचारलं.

आभाने एका पायात चढवलेली चप्पल परत काढली. कडेवर दहा महिन्यांचा अथर्व, पिशवीत त्याचं लसीचं कार्ड. त्र्यंबकेश्वरच्या त्या घराला दार एकच, आणि दारातच सासऱ्यांची बैठक. सुनेला बाहेर पडायचं तर पंचांगावरूनच जावं लागे.

"आज वैधृती आहे. पुढच्या बुधवारी बघू."

गोवराची लस नऊ महिने भरल्याबरोबर द्यायची होती. आरोग्य केंद्रात ती बुधवारीच मिळे. असे चार बुधवार गेले. एकदा अमावास्या, एकदा भद्रा, एकदा पंचक. चौथ्या बुधवारी पंचांगात काहीच सापडेना, तेव्हा मांजर आडवं गेलं. तेही घरचंच. नवरा पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबांना विचार." सासूबाई म्हणाल्या, "यांना विचार."

खरं कारण पंचांगात नव्हतंच. मागच्या लसीनंतर अथर्व दिवसभर तापला होता, आणि गुरुजी त्या दिवशी जेवले नव्हते. हे ते कुणाला सांगणार नव्हते. इकडे मागच्या आळीत दोन पोरांना गोवर निघाला होता.

आभा फोन घेऊन आत गेली.

थोड्या वेळाने गुरुजींचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. तिथ्या मोजायला त्यांना दोन्ही हात मोकळे लागत.

"गुरुजी, बाळाला गोवराची लस द्यायचीय," एक बाई बोलत होती. "पण आज वैधृती म्हणे. थांबायचं का?"

यजमानांच्या बाबतीत गुरुजी फार उदार. ज्याची गाडी चारची, त्याला ते दोनचा मुहूर्त काढून देत.

"अहो बाई, औषधाला कसला आलाय मुहूर्त? आत्ताच्या आत्ता निघा!"

"आजोबा नको म्हणतात. मागे ताप आला होता."

"येऊ दे की! दिवसभर मांडीवर घेऊन बसायचं. आजोबा असतात कशाला मग? त्यांना म्हणावं, त्र्यंबकच्या गुरुजींनी सांगितलंय."

आपल्याच बोलण्यावर खूश होऊन त्यांनी पळीत पाणी घेतलं. मागे आभा अथर्वला घेऊन हळूच दोन्ही पायांत चप्पल चढवत होती.

"नाव-गोत्र सांगा. बाळासाठी संकल्प सोडतो."

"मी आरोग्य केंद्रातली सिस्टर तेजस्विनी. बाळाचं नाव अथर्व. आणि गोत्र तुमचंच, गुरुजी."